मास्तरांचा पाय

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी वस्तीच्या हॉलमध्ये सलग अकरा वर्षं सम्राटाचं काम केलं. सम्राट दर वर्षी वेगळा असे, मिशी तीच असे.

दर शनिवारी दुपारी वस्तीतली मुलं त्या हॉलमध्ये जमत आणि वर्षाच्या शेवटी त्यांचं नाटक होई. नाटक मास्तर लिहीत, मास्तरच बसवत, आणि सम्राटाला शोभेल असं दुसरं कुणी आसपास नसल्यामुळे नाइलाजाने सम्राटही तेच होत. उरलेली कामं मुलांना: सैनिक, झाडं आणि राजवाड्याचे खांब. मास्तरांची सख्खी पुतणी टिकली चार वर्षं खांब होती. "खांबाचं काम छोटं नसतं," मास्तर तिला समजावत, "खांब हलला तर सम्राटाच्या डोक्यावर छप्पर पडेल." पाचव्या वर्षी टिकलीने विचारलं होतं, की एकदा पडू दिलं तर नाटकाला शेवट तरी मिळेल ना? मास्तरांनी तो विनोद समजून हसून घेतलं होतं. तेव्हा ते मोठ्या मनाचे होते, कारण नाटक त्यांचं होतं.

मग मुलं गळायला लागली. चाळिसांची नऊ झाली, आणि त्या नवांतला एक जण कराटेचा क्लास समजून चुकून आलेला होता.

हॉलच्या समितीच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याच्याशी बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे आपल्याला उत्तर मिळेल अशी अपेक्षाच त्या ठेवत नसत. एका शनिवारी त्यांनी सांगून टाकलं, "आजपासून हॉल मुलं चालवणार. काय करायचं, कसं करायचं, कोण काय होणार, सगळं तीच ठरवणार. मोठ्यांनी मदत करायची. मागितली तर."

मास्तरांना वाटलं, चांगली कल्पना आहे, तीन आठवड्यांत आपटेल.

तीन आठवड्यांत मुलं बावन्न झाली.

आणि त्या बावन्नांनी एकमताने टिकलीला नाटकाची दिग्दर्शक केलं. वय वर्षं सोळा. मास्तरांच्या थोरल्या भावाची मुलगी, वरच्या मजल्यावर राहणारी, जिला सायकल मास्तरांनीच शिकवली होती आणि जी अजूनही सायकलवरून उतरताना आधी चप्पल खाली टाकते. मास्तरांच्या मनात पहिला विचार आला तो अभिमानाचा. तो साधारण दीड सेकंद टिकला.

मुलांच्या बैठकीचा एक नियम होता: मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सूचना करायच्या नाहीत. बैठक चालवायला चौदा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे वकील म्हणत, कारण लहानपणी रडतानासुद्धा ती मुद्देसूद रडायची.

मास्तरांनी हात वर केला. "मुलांनो, सम्राट नसलेलं नाटक बघायला लोक येतील का?"

"हा प्रश्न आहे की सूचना?" वकील म्हणाली.

"प्रश्नच आहे."

"येतील. पुढचा प्रश्न."

मास्तरांनी हात खाली घेतला.

त्यानंतर मोठ्यांच्या मुलाखती झाल्या. कुणी काय मदत करायची हे मुलं मुलाखत घेऊन ठरवणार होती. टेबलामागे तीन जण बसले होते. त्यातल्या एकाचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" पाय न टेकणाऱ्याने विचारलं.

"पन्नाशीत," मास्तर म्हणाले.

"तुमचा एखादा दोष?"

"मी फार पुढचा विचार करतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मास्तरांना प्रॉम्प्टर केलं. विंगेत, पडद्याआड, एका स्टुलावर वही घेऊन बसायचं, आणि कुणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायचं. विसरलं नाही तर गप्प बसायचं. अकरा वर्षांचा सम्राट एका दुपारीत स्टुलावर आला. इतिहासात यापेक्षा वाईट घडलेलं आहे, पण त्या सम्राटांना निदान युद्ध तरी करायला मिळालं होतं.

घरी बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय."

"ॲसिडिटी आहे."

"पुतणीमुळे झालेली ॲसिडिटी मी पहिल्यांदाच बघतेय."

आणखी एक गोष्ट मास्तरांना टोचत होती, पण ती बायकोला सांगण्यासारखी नव्हती. टिकली घरी त्यांना 'काका, तू' म्हणायची. हॉलमध्ये ती 'मास्तर, तुम्ही' म्हणू लागली. सगळ्यांना सारखं वागवायचं म्हणून. इतका आदर त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि इतका कमी मान कधी मिळाला नव्हता.

टिकलीच्या नाटकाचं नाव होतं 'रांग'. एका बंद खिडकीसमोर बारा माणसं रांगेत उभी आहेत. रांग कशाची आहे हे कुणालाच माहीत नाही, पण नंबर जाईल म्हणून कुणी हटत नाही. माणसं रांगेतच भांडतात, रांगेतच लग्नं जमवतात, एक जण रांगेत म्हातारा होतो. बस. सम्राट नाही, तलवार नाही, खांब नाही. मास्तर तालमीत स्टुलावर बसून वाट बघत होते, की हे कधी एकदा कंटाळवाणं होतंय. ते होईना. रांगेतली दोन माणसं जागा धरण्यासाठी टाकलेल्या रुमालाची मालकी ठरवायला त्या रुमालाचीच साक्ष काढतात, त्या प्रसंगाला एकदा त्यांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात बदललं.

"मास्तर, पाणी हवंय का?" टिकलीने समोरून विचारलं.

"नको. धूळ आहे इथे."

"रुमालाच्या प्रसंगालाच उडते," टिकली म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

रांगेत पहिला उभा असायचा लांबू. अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मास्तरांकडे गाडी शिकायला आला होता. आता इथे गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तर तो दाबत. त्यांचा नियम साधा होता: माझा पाय वाजला की तू पुतळा व्हायचंस. हात जागच्या जागी, पाय जागच्या जागी, तोंडसुद्धा. काय चुकलं ते मी नंतर सांगेन. अठरा वर्षं हेच केल्यामुळे मास्तरांचा उजवा पाय मास्तरांचा राहिलेला नव्हता. रिक्षात, बसमध्ये, एकदा तर मेहुणीच्या लग्नात नवरा-नवरी फार वेगाने चालले होते तेव्हा, तो आपोआप खाली आपटला होता.

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता झाला. हॉल भरला. मास्तरांनी पडद्याच्या फटीतून खुर्च्या मोजल्या. मागच्या बाजूला लोक उभे होते. सम्राटाच्या वेळी उभे राहणारे लोक दाराजवळ असायचे आणि बाहेर तोंड करून असायचे.

पहिल्या पाच मिनिटांत पहिला हशा आला. मग दुसरा. रुमालाला टाळ्या पडल्या. कुणी एक वाक्यसुद्धा विसरलं नाही. मास्तर वहीच्या ओळींवरून बोट फिरवत होते आणि प्रत्येक ओळ त्यांच्या बोटाच्या आधी बरोबर येत होती. आपण नसतो तरी चाललं असतं, हे माणसाला एरवी मेल्यावर कळतं. मास्तरांना स्टुलावर कळलं. समोरच्या विंगेत टिकली उभी होती. केस विसकटलेले, हाताची घडी, ओठ हलत होते. तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिला आत्ता कुणाचीच गरज नव्हती.

शेवट आला. खिडकी उघडते. लांबूने झपाझप तीन पावलं टाकायची, आत डोकं घालायचं आणि विचारायचं, "साहेब, ही रांग कशाची?" की पडदा.

खिडकी उघडली. हॉलमध्ये एकदम सगळे पुढे सरकले, खुर्च्या वाजल्या. लांबूने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

मास्तरांचा पाय खाली आला. धाड.

कुणी पडणार नव्हतं. कुणाला धक्का लागणार नव्हता. सगळं नुसतं फार चांगलं चाललं होतं.

लांबू पुतळा झाला. एक पाय पुढे, मान खिडकीकडे, तोंड अर्धवट उघडं. आणि टिकलीने तालमीत सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती, की समोरचा थांबला की आपण थांबायचं, रांग म्हणजे तेवढंच असतं. त्यामुळे मागचे अकरा जण एकमेकांवर आदळून जागच्या जागी थिजले. म्हातारा झालेला माणूस एका पायावर होता.

हॉल गप्प. लांबू वाट बघत होता, की मास्तर काय चुकलं ते सांगतील. मास्तर काय सांगणार? पाच सेकंद गेले. दहा गेले. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःशीच म्हणाल्या, "विचारू नकोस रे बाबा. आता विचारू नकोस."

लांबूने विचारलं नाही. पडदेवाल्याला कशाचाच अंदाज येईना, म्हणून त्याने पडदा पाडला.

त्यानंतर जे झालं त्याला टाळ्या हा शब्द अपुरा आहे. दातांच्या डॉक्टर स्वतः तोंड उघडं ठेवून उभ्या होत्या.

पुढचा आठवडा मास्तरांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दुधाच्या दुकानात लोक म्हणत होते, तो शेवटचा पॉज काय घेतलाय पोरीने. जिन्यात शेजारी म्हणत होते, तो पॉज. थोरला भाऊ खास खाली आला आणि सोफ्यावर बसून म्हणाला, "तू अकरा वर्षं नाटकं केलीस. असा पॉज कधी सुचला का तुला? खरं सांग."

मास्तरांनी चहाचा घोट गिळला. "खरं सांगू?"

"सांग ना."

"राहू दे," मास्तर म्हणाले.

टिकली पहिले दोन दिवस कौतुक झालं की गोंधळून हसत होती. तिसऱ्या दिवशी ती पॉज समजावून सांगायला लागली. "शांततेला जागा द्यावी लागते," ती जिन्यात कुणालातरी सांगत होती आणि मास्तर दाराआड कुलूप हातात धरून ऐकत उभे होते. शांततेला जागा! जागा माझ्या बुटाने दिली, नऊ नंबरच्या. चौथ्या दिवशी पलीकडच्या वस्तीच्या वाचनालयाने दुसरा प्रयोग मागितला. पत्रात लिहिलं होतं, शेवट जसाच्या तसा ठेवावा.

मास्तरांनी ठरवलं. शनिवारी बोलायचं.

प्रयोगानंतरच्या शनिवारी मुलांची चुकांची बैठक असे. प्रत्येकाने स्वतःची एकच चूक सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची, कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. मोठ्यांची पाळी शेवटी. मास्तर घरून तीन वाक्यं पाठ करून आले होते आणि तिन्हींच्या शेवटी 'मी' होता.

मुलांनी चुका सांगितल्या. एकाने दाढी उलटी लावली होती. पडदेवाला म्हणाला, मी घाबरून पडदा पाडला. लांबूची पाळी आली.

"मी मध्येच थांबलो," लांबू म्हणाला. "मास्तरांचा पाय वाजला आणि मला ब्रेक लागला. तिसरं पाऊल राहिलं. वाक्यही राहिलं. सॉरी."

खोली शांत झाली. ही शांतता कुणी दिग्दर्शित केलेली नव्हती. सगळ्यांनी टिकलीकडे पाहिलं, कारण ती तोवर काहीच बोलली नव्हती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापासून लाल होत गेला.

"मला वाटलं तू घेतलास," ती लांबूला म्हणाली. "मला वाटलं तुला सुचलं आणि तू घेतलास. मग सगळे मला म्हणायला लागले, आणि मी... मी हो म्हणत गेले. माझी चूक तीच."

"मास्तर, तुमची," वकील म्हणाली.

मास्तर उठले. आठवडाभर ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर ताटात वाढलेला होता. पाठ केलेली वाक्यं आठवेनात, आणि प्रॉम्प्टर तेच होते.

"मी पाय आपटला," ते म्हणाले. मग राहवलं नाही. "पण लोकांना तोच आवडला."

"चूक सांगायची असते, कौतुक नाही," वकील म्हणाली. "दुसरा भाग लिहून घेऊ नका."

संध्याकाळी टिकली खाली आली. दार उघडंच होतं, पण ती आत आली नाही, जिन्याच्या पायरीवर बसली. मास्तर बाहेर आले. बसावं की उभं राहावं हे न कळून कठड्याला टेकले.

"काका, तू का आपटलास?"

"सवय."

"लांबू चालत होता. गाडी नव्हती."

खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं.

"चांगलं चाललं होतं म्हणून," मास्तर शेवटी म्हणाले.

टिकलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. अशा वेळी माणसं रागावतात किंवा माफ करतात. तिने दोन्ही केलं नाही. ती हिशोब लागत नसलेल्या माणसासारखी बघत राहिली.

"सगळं नाटक मी केलं," ती म्हणाली. "तीन महिने. आणि लोकांना आवडलं ते तुझं निघालं. तेही चुकून. मला तुझा राग येतोय. म्हणजे राग नाही, दुसरंच काहीतरी. इथे," तिने गळ्याखाली बोट ठेवलं, "काहीतरी अडकल्यासारखं."

"पाण्याने जात नाही ते," मास्तर म्हणाले. "मी बघितलं करून."

"तुला होतं?"

"तीन महिने. जेवणानंतर जास्त."

ती हसली नाही, पण तिने पायरीवर थोडं सरकून जागा केली. मास्तर बसले. गुडघे वाजले.

"दुसऱ्या प्रयोगात पाय लागणार आहे," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "वाचनालयवाल्यांना शेवट तसाच हवाय. पण मी हात वर करेन तेव्हा."

"मला कळतं ना, कधी आपटायचा ते."

"तुला कळत नाही, काका. तुला होतं."

या मुलीला चार वर्षं खांब करून ठेवलं होतं, हे मास्तरांना प्रथमच थोडं धोक्याचं वाटलं.

"आणि मी नाही थांबलो तर?" त्यांनी विचारलं. "माझा पाय आधीच पडला तर?"

"तर पडला," टिकली म्हणाली. "मग पुढच्या शनिवारी चूक सांग."

वाचनालयाचा हॉल लहान होता. विंग म्हणजे पुस्तकांची दोन कपाटं. एकामागे मास्तर, समोरच्यामागे टिकली. मास्तर वही उघडून बसले आणि या खेपेला त्यांनी बूट स्वच्छ पुसून घातले होते. माणूस आपल्या हत्याराची काळजी घेतो.

नाटक रंगलं. रुमालाला हसले, लग्नाला हसले. मास्तरांचं बोट ओळींवरून फिरत होतं, पण लक्ष समोरच्या कपाटाकडे होतं. शेवट जवळ आला तसा त्यांच्या पोटरीत तो ओळखीचा ताण भरायला लागला. खिडकी उघडली. लोक पुढे सरकले. लांबूने पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

इथेच. मागच्या वेळी इथेच. मास्तरांना शपथेवर सांगता आलं असतं.

टिकलीचा हात खालीच होता.

पाय उचलला गेला होता. तो हवेत तसाच धरून मास्तरांनी स्टुलाची कड पकडली. हिला दिसत नाही का? गेली वेळ, गेली. आत्ता आपटला तर टाळ्या पुन्हा त्याच, आणि या वेळी त्या कोणामुळे, हे वस्तीतल्या बावन्न पोरांना माहीत. लांबूने तिसरं पाऊल टाकलं. लांबूने खिडकीत डोकं घातलं. लांबू म्हणाला, "साहेब..."

टिकलीचा हात वर गेला.

मास्तरांनी पाय आपटला.

"साहेब" तसंच हवेत राहिलं. लांबूचं डोकं खिडकीच्या आत, धड बाहेर, आणि मागे अकरा माणसं, जी आता काय विचारणार होती आणि काय ऐकणार होती, हे त्या लहानशा हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. कुणी खोकलं नाही. पुस्तकांच्या कपाटाचं एक दार आपोआप करकरलं तेसुद्धा अर्ध्यात थांबलं असं मास्तरांना वाटलं.

एक पाऊल आणि एक शब्द उशिरा. हे मागच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. मास्तरांना ते जागच्या जागी कळलं. अकरा वर्षं त्यांनी नाटकं केली होती, एवढं तर त्यांना कळतच होतं, आणि हे आपल्याला कधीच सुचलं नसतं हेही कळत होतं, आणि दोन्ही एकदम कळणं त्यांना अजिबात आवडलं नाही. गळ्याखाली ते होतंच, जिथल्या तिथे.

पडदा पडला आणि हॉल फुटला. समोरच्या कपाटामागून टिकलीने त्यांच्याकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि मग ती तिच्या मुलांकडे पळाली.

मास्तरांनाही टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हातात वही होती. ती खाली ठेवायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग वाजवल्या.